कवड्या की मण्यार?

मी एक जुनी काचेची बरणी आहे. इगतपुरीच्या पलीकडे, भातखाचरांत वसलेल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. नव्वदच्या सुमारास विज्ञानाच्या बोराडे सरांनी मला नाशिकहून आणले, एसटीत मांडीवर धरून. पुढे गावात कुणीतरी मारलेला एक साप त्यांनी माझ्यात ठेवला, तो टिकावा म्हणून वर फॉर्मॅलिन ओतले आणि आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली : ‘कवड्या. बिनविषारी.’

मित्रांनो, काय दिवस होते ते! माझा तास आला की पोरे बाकांवर चढून बघत. पावसाने खिडक्या गळायच्या, ओल्या दप्तरांचा वास यायचा, आणि मी टेबलावर ऐटीत उभी असायचे.

पुढे बोराडे सर मुख्याध्यापक झाले आणि विज्ञान ज्योत्स्नाबाईंकडे आले. एकदा त्या मला दाखवून शिकवत होत्या. मागच्या बाकावरचा गोटीराम फुशारकीने म्हणाला, “असले साप मी हातानी धरतो, बाई. आमच्या घरात लय निघतात.”

तेवढ्यात लंका उभी राहिली. वाडीवरून रोज चालत येणारी, एरवी गप्प असणारी मुलगी.

“बाई, हा कवड्या नाय. मण्यार हाय.”

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “चिठ्ठी सरांनी लिहिली आहे. बस खाली.”

लंका बसली नाही. “गोट्या हात घालील ना, बाई! माझी आत्या मण्यार चावून गेली. झोपेत कळलं पण नाय तिला.”

तास संपल्याची घंटा झाली. मुले गेली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. मला उचलून त्या खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात भिंग होते आणि वाचनालयातून आणलेले सापांचे पुस्तक.

“लंका, काल मी तुला खाली बसायला सांगितलं ते चुकलं. पण तू म्हणतेस म्हणूनही मी मानणार नाही. कशावरून मण्यार, ते सगळ्यांना दाखव.”

लंकाने माझ्या काचेवर बोट ठेवले. “पट्टं बघा. कवड्याचं मानेपासून चालू होतात नि शेपटाकडं पुसट होतात. ह्याचं मानेपाशी नायतच. खाली शेपटाकडं ठसठशीत हायत.”

एकेकाने भिंगातून पाहिले, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले. आता कुणी हसत नव्हते. गोटीरामने तर दोनदा पाहिले.

बाई मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. सरांचा चेहरा उतरला. “इतकी वर्षं मी पोरांना हेच शिकवलं?” एवढेच ते बोलले. मग स्वतः वर्गात आले, माझ्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि नवी लिहिली : ‘मण्यार. अतिविषारी.’

“गोटीराम, मोठ्यानं वाच,” सर म्हणाले.

त्याने वाचले. तोवर सर लंकाकडे वळले होते. “पोरी, आणखी कुठे चुकलं असेल तर सांगत जा.”

त्याच पावसाळ्यात गोटीरामच्या घरात अंथरुणाजवळ तसाच साप निघाला. त्याने धाकट्या बहिणीला उचलले आणि बाहेर धाव घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने हे वर्गात सांगितले. लंकाने आपल्या डब्यातली नागलीची अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

ती मुले शाळा सोडून गेली. बोराडे सर निवृत्त झाले, ज्योत्स्नाबाईंची दिंडोरीकडे बदली झाली. मग शाळेत संगणक आले, साप पडद्यावर दिसू लागले आणि मी अडगळीच्या खोलीत आले. माझ्यातले फॉर्मॅलिन आटत चालले आहे. धुळीचे मला फारसे वाटत नाही. भिंगाभोवती गोळा झालेली ती पोरे मात्र फार आठवतात.

मित्रांनो, मला पुसून ठेवा. आणि तुमच्या वर्गात कुणी उठून “हे चुकलंय” म्हणाले, तर हसू नका. त्याला टेबलाजवळ बोलवा आणि सगळे मिळून नीट बघा.