पान चौदा

“ताई, ‘कृपया पाण्याचा वापर टाळावा’ असं नका लिहू. ते कृपया वाचेपर्यंत मानूस जळी जाईल.”

“मग काय लिहू, धुडकूभाऊ?”

“लिहा. हायड्रोचा ड्रम धुपाया लागला तर पाणी मारू नको. कोरडी वाळू टाक. साहेब म्हने तरी पाणी मारू नको. वाळू नसली तर पळ.”

वंदनाताईंनी तसेच टाइप केले. ते चौदावे पान. हायड्रो म्हणजे रंगकामातली पांढरी पूड, पाणी लागले की पेटणारी.

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या गल्लीत, धुडकूच्या दीड खोलीत, सहा महिने दर रविवारी हा उद्योग चालला. वंदनाताई शाळेत संगणक शिकवत आणि उरलेल्या वेळात जगभरच्या अनोळखी माणसांबरोबर एक फुकटचा, सगळ्यांना खुला असलेला प्रोग्राम घडवत. कापडाचा नमुना दाखवला की कोणता रंग किती घालायचा ते तो सांगे. पलसाण्याच्या ज्या मिलमध्ये धुडकू रंग कालवायचा, तिथेही तोच होता. पण त्यातली मदतीची पाने इंग्रजी. आणि ती मराठीत केली तरी प्रोग्रामच्या पोटातच हवीत, कारण डिझाइन चोरीला जाते म्हणून मिलच्या गेटवर फोन काढून घेत आणि त्याच भीतीने आतल्या संगणकाला इंटरनेट नव्हते. एफ-वनचे बटण दाबले की पान उघडायला हवे, बस.

धुडकूचे नाक काय सांगावे! गच्चीवर उभा राहून पलसाण्यात आज कोणता रंग उकळतोय ते तो वाऱ्यावरून ओळखी. एका मंगळवारी “जांभळा” म्हणाला आणि अर्ध्या तासात आमच्या पत्र्यावर जांभळा कावळा येऊन बसला. खोटे वाटत असेल तर कावळ्याला विचारा. सही करताना या माणसाला घाम फुटे, पण सांगायला बसला की थांबत नसे.

“गजेंद्रना बाप,” त्याची बायको धुरपदाबाई चुलीपुढून टोमणा मारी, “घरमा दोन शबद बोलतस नही, आनि त्या डबडामा पोथी भरी राहिनात!”

एक्केचाळीस पाने झाली. प्रत्येकाच्या तळाशी ताईंनी घातले, ‘सांगणार : धुडकू’. चौदावे पान तर त्याने न्हाव्याच्या खुर्चीत आणि दोन लग्नांच्या पंगतीत म्हणून दाखवले.

महिन्याभरात मॅनेजर किरणभाईंनी त्याला बोलावले. “काका, हवे तमे आराम करो. बधुं तो एफ-वनमां छे.” म्हणजे आता आराम करा, सगळे एफ-वनमध्ये आहे. शाल दिली, नारळ दिला. पस्तीस वर्षे ज्याच्यावाचून मिलचे अडत होते, त्याला त्याच्याच पानांनी घरी बसवले.

“मी गेलो तरी पान शे ना,” धुडकू म्हणाला. शाल त्याने कधी पांघरली नाही.

वर्षभरात प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली. दूरदेशीच्या मंडळींनी ठरवले की गाठोडे फार जड झाले आहे, मदतीची पाने काढून वेबसाइटवर ठेवू. ताईंनी पत्रांवर पत्रे धाडली. उत्तर आले : आता नेट सगळीकडे असते. मिलच्या संगणकावरही तीच आवृत्ती चढली.

“सगळीकडे म्हंजे कोठे, ताई?” धुडकूने विचारले.

ताई जुनी पाने पेनड्राइव्हवर घेऊन मिलवर गेल्या. पेनड्राइव्ह आत नेऊ देत नाहीत. त्या गेटवरूनच परतल्या.

श्रावणात मिलच्या पत्र्याला गळती लागली आणि ओल लागून हायड्रोचा ड्रम धुपू लागला. धुडकूच्या जागी लक्ष्मण होता, नंदुरबारकडून तीन महिन्यांपूर्वी आलेला. धुडकूकाकांनी सांगितलेले सगळे एफ-वनमध्ये आहे, असे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तो धावत संगणकाकडे गेला, बटण दाबले. ‘मदतीसाठी इंटरनेट जोडा.’ पुन्हा दाबले. तेच. मग आग पाहून कोणीही करील तेच त्याने केले. बादली उचलली.

मिलच्या कागदावर लिहिले गेले : कामगाराने मदत वाचली नाही.

धुडकू, वंदनाताई आणि मी इस्पितळात गेलो. लक्ष्मणाचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. डॉक्टर म्हणाले होते, बोटे उरली तरी वळणार नाहीत. उशाशी बायको.

“काका, मी बटन दाबं,” धुडकूला पाहताच तो म्हणाला. “दोनदा दाबं. सायब म्हनस, तठे लिखेल व्हतं, तू वाचं नही. हाई मनी बायको बी तेच म्हनस. तीन दिन व्हयनात, डोया लागत नही. काय लिखेल व्हतं, काका? तुमीच सांगेल व्हतं ना?”

धुडकू खाटेच्या कडेला टेकला.

“पाणी मार, असंच लिखेल व्हतं,” तो म्हणाला. “मीच सांगेल व्हतं. चूक मनी शे. तू बराबर करं.”

वंदनाताईंनी तोंड उघडले. धुडकूने त्यांच्याकडे नुसते पाहिले. त्यांनी ते मिटले.

लक्ष्मणाची बायको मात्र उठली. “म्हातारा! मरो तुनं पान! तुना हात काबरं नही जळनात?” शेजारच्या खाटांवरची माणसे माना वळवून पाहू लागली. ती बोलतच होती, धुडकूच्या सात पिढ्या काढत होती, आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

एकदाच त्याने हात वर केला, तिने आवाज जरा खाली घ्यावा म्हणून. लक्ष्मणाचा डोळा लागला होता.