जुना खार

मी बरणी बोलतेय. तपकिरी मातीची, गळ्याभोवती पन्हळ असलेली. त्या पन्हळीत पाणी भरून वर झाकण पालथं बसवलं, की आत वारा शिरत नाही. पाणी आटलं, की माझ्या पोटातलं सगळं नासतं. एवढंच माझं दुखणं.

चीनमधल्या यीबिन शहरातल्या माओयिंगनं मला लग्नाच्या वर्षी बाजारातून निवडून आणलं. मीठ, आलं, मिरच्या, तिरफळं आणि तिच्या आईकडचा वाटीभर खार माझ्यात ओतला. चौतीस वर्षं त्याच खारात मुळे मुरले. तो मुळा घातलेलं बदकाचं सूप उकळू लागलं, की तिची लेक वेनछी दप्तर दारातच टाकून चुलीशी यायची.

गेल्या हिवाळ्यात माओयिंगच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. वेनछी शांघायहून धावत आली. दवाखान्यात निघताना माओयिंग म्हणाली, "बरणीच्या पन्हळीत पाणी घालत जा गं."

"आई, आधी स्वतःचं बघ! बरणी काय पळून जातेय?"

मी पळाले नाही. पण वेनछी वीस दिवस आईच्या उशाशीच बसून राहिली आणि इकडे माझी पन्हळ कोरडी पडली. वारा आत शिरताना मला कळत होतं. हाक कुणाला मारणार? खारावर आधी पांढरा पापुद्रा धरला, मग काळी बुरशी.

डॉक्टरांनी हात टेकले. माओयिंग घरी आली. अन्न जाईना. एका सकाळी म्हणाली, "आपल्या मुळ्याचं सूप कर. घोटभरच घेईन."

वेनछीनं माझं झाकण उचललं, बुरशी बघितली आणि झाकण तसंच परत ठेवलं. आईला मात्र काही बोलली नाही. दुकानातून मुरवलेल्या मुळ्याचं पाकीट आणलं, तीन तास बदक शिजवलं.

माओयिंगनं एक घोट घेतला. "मुळा कुठला गं?"

"आपल्याच बरणीतला, आई."

माओयिंगनं वाडगा बाजूला सारला. "मग माझी जीभच मेली म्हणायची," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

वेनछीनं वाडगा उचलून नेला. त्यानंतर माओयिंगनं काहीच मागितलं नाही. अकराव्या दिवशी ती गेली.

मला घासूनपुसून सज्ज्यात पालथी घातलीय. घराला कुलूप आहे.

माणसांनो, मन राखायला म्हणून आजाऱ्याशी खोटं बोलू नका. खार नासला असं सांगितलं असतं, तर ती चिडली असती, लेकीला चार शिव्या हासडल्या असत्या. पण जाताना तिची जीभ तरी तिची असती.