प्रियलचा स्वेटर

बाहीच्या शिवणीवरून ब्लेड फिरवून रोवेनाने लाल स्वेटरची बाही सोडवली, गळ्याशी टोक शोधलं आणि ओढलं. टोक सापडलं की पुढे डोकं लागत नसे. एकेक ओळ निमूट सुटत जायची आणि मांडीवर लोकरीचा ढीग वाढायचा. मागच्या पडवीत पाण्याच्या पिंपाशेजारी एक स्टूल होतं, तिथे बसून ती हे काम करायची, तेही दुपारी सासूचा, थेरेसाचा, डोळा लागल्यावर. ब्लेड नवऱ्याच्या, एरॉलच्या, दाढीचं असायचं, कारण कात्री सासूच्या शिवणाच्या डब्यात होती आणि त्या डब्याला हात लावायची तिची छाती नव्हती. आतून थेरेसाच्या घोरण्याचा आवाज येत होता. तो येतोय तोवर घाई नव्हती.

स्वेटर सकाळीच थेरेसाने तिच्या हातात दिला होता. नीट घडी घालून, वर हात फिरवून.

"झाला गो. देऊन ये प्रियलला."

"आत्ताच जाते, आई."

आणि रोवेना गेलीही होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन पाव घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "बसला अगदी बरोबर. नाचत होती."

प्रियल नावाची मुलगी कुठेच नव्हती.

मागच्या पावसाळ्यात थेरेसाला अर्धांगाचा झटका आला. त्याआधी पाचूबंदरच्या कोळीवाड्यात तिच्या हातांना नाव होतं. बापाने तिला लहानपणी जाळं विणायला शिकवलं आणि शाळेतल्या सिस्टरांनी क्रोशा आणि सुया. तिला दोन्हींत सारखीच गंमत वाटायची. देवळातल्या ओल्टारच्या, म्हणजे चर्चमधल्या वेदीच्या, कापडाची लेस तिची, गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या बाप्तिस्म्याच्या टोप्या तिच्या. विणायला बसली की ती स्वतःशी पुटपुटायची, मध्येच हसायची, शेजारी ठेवलेला चहा गार करून टाकायची. नवरा फ्रेडरिक होता तेव्हा तो चिडवायचा, की हिला जेवण नको, लोकर वाढा. झटक्यानंतर डावा पाय फरफटू लागला आणि डाव्या हाताची पकड सैल झाली. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा. तेव्हा तिने उशाखालून सुया काढल्या आणि आजारपणात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पहिले दोन स्वेटर रोवेनाने खरोखरच सिस्टरांच्या बालगृहात नेऊन दिले. तिसरा घेऊन गेली तेव्हा तिथल्या सिस्टरने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच म्हटलं, "आपल्याकडे एवढी थंडी कुठे पडते? मुलांना जाकिटंही आली आहेत. तुमच्या सासूबाईंना उगाच त्रास नका देऊ." मग आधीचे दोन्हीही पिशवीत घालून परत दिले. रोवेनाने रिक्षात बसून ते मांडीवर पसरून पाहिले. डावी बाजू सगळीकडे ढगळ, एक बाही दुसरीपेक्षा लांब. सिस्टरचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच रोवेनाला तिचा राग आला.

एरॉलला तिने हे सांगितलं तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मग उसवून तीच लोकर दे ना परत. आईला काय कळतंय आता? हात चालला म्हणजे झालं."

एरॉल सातिवलीच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि घरातले प्रश्नही गोदामातल्या मालासारखे सोडवायचा, या मांडणीवरचं उचलून त्या मांडणीवर. रोवेनाला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. लोकरीचं स्टेशनजवळचं दुकान बंद पडलं होतं, मुलगा जोनाथन बोटीवर नोकरीला, घरात दुसरं कोणी विचारणारं नाही. तिने तिन्ही स्वेटर उसवले, गुंडे केले आणि सासूपुढे ठेवले.

"नवी लोकर आणली, आई."

थेरेसाने गुंड्यातून थोडा धागा सोडवला, बोटांत चोळला, खिडकीकडे धरून पाहिला.

"चांगली हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कोमट पानी दे जरा परातीत. नवी लोकर धुवून घ्यावी लागते."

उजव्या हाताने खुर्चीच्या पाठीवर फेरे घेत तिने गुंड्यांच्या लडी केल्या, त्या पाण्यात बुडवल्या आणि रोवेनाकडून खिडकीच्या गजांना टांगून घेतल्या. प्रत्येक लडीच्या खाली मासेमारीच्या जुन्या जाळ्यातलं शिशाचं एकेक वजन बांधलं. संध्याकाळपर्यंत लोकर ताणून सरळ झाली. पुढे दर वेळी हेच. रोवेना 'नवी' लोकर आणायची, थेरेसा परात मागायची. म्हातारपणाचे सोपस्कार, असं समजून रोवेना पाणी तापवून द्यायची. नंदाखालच्या वाडीत वाढलेली ती. केळीचा लोंगर कधी उतरवायचा ते तिला कळत होतं, लोकरीतलं तिला काही कळत नव्हतं.

प्रियलचा जन्म त्याच पहिल्या संध्याकाळी झाला.

"कोनाला दिला गो माजा स्वेटर?" थेरेसाने विचारलं.

"एका मुलीला." पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. "प्रियल नाव तिचं."

"केवडी हाय?"

रोवेनाने हवेत हात धरून दाखवला. थेरेसाने त्या हाताकडे नीट पाहिलं आणि पुढच्या स्वेटरचे टाके त्या मापाने घातले.

तेव्हापासून दुपारच्या चहाला प्रियल घरात येऊ लागली. रोवेना पलंगाच्या कडेला बसायची आणि थेरेसा विचारायची. तिला भात आवडतो की पाव? दात पडला का? केस कोण विंचरतं? रोवेनाने तिला आधी खोकला दिला, मग तो बरा केला. समोरचा एक दात पाडला. तिला अंधाराची भीती वाटते असं सांगितलं, तेव्हा थेरेसाने सुया मांडीवर टेकवल्या आणि म्हणाली, "मलापन वाटायची. माजा बा बोटीवरनं येईपर्यंत मी दाराशी बसायची." इतक्या वर्षांत हे तिने रोवेनाला कधी सांगितलं नव्हतं.

सांगणार कधी? लग्न ठरलं तेव्हा थेरेसा चारचौघांत बोलून गेली होती, की वाडीतल्या पोरीला मासळीचा वास सोसंल का? रोवेनाने ते मनात ठेवलं. त्यानंतर दोघींनी एकमेकींशी मिठा-मिरचीपुरतं बोलून संसाराची वर्षं काढली. भांडण कधी झालं नाही. भांडायला लागते तेवढी जवळीकही नव्हती. आणि आता एका नसलेल्या पोरीपायी त्या रोज तासभर बोलत होत्या. रोवेनाला ते आवडू लागलं होतं, आणि आवडतंय याची धास्तीही वाटत होती. बाजारात रिबिनी दिसल्या की प्रियलला कोणत्या शोभतील असं तिच्या मनात येऊन जायचं. मग ती स्वतःवरच वैतागायची.

नाताळ जवळ आला. गल्लीत चांदण्या लागल्या, पोरं येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत गोळा करत फिरू लागली. एका दुपारी थेरेसाने चहाची बशी बाजूला सरकवली.

"मला ने तिच्याकडं."

"कुणाकडे?"

"प्रियलकडं. रिक्षा बोलव, मी बसन नीट. सनाच्या आधी एकदा स्वेटर अंगावर बगते तिच्या. दुसरं काय नको मला."

रोवेनाने कपबशा गोळा करायला घेतल्या. बालगृह लांब आहे, पायऱ्या आहेत, सिस्टर भेटू देत नाहीत, असं काही सांगितलं तर सासू आज गप्प बसेल आणि उद्या परत विचारेल, हे तिला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर ती दमली होती. रोज नवी हकीकत, रोज आधीची लक्षात ठेवायची.

"ती नाही आता तिथे, आई. तिचा मामा आला होता. गावी घेऊन गेला तिला."

थेरेसाचे हात थांबले. "कवा?"

"परवाच. मी सांगणारच होते."

"स्वेटर घालून गेली?"

"हो ना. लालच घातला होता. काढायलाच तयार नव्हती."

थेरेसाने मान खाली घातली. तिच्या मांडीवर सुयांवर अर्धा झालेला पाठीचा भाग होता, लाल. तिने त्यावरून अंगठा फिरवला, खालपासून वरपर्यंत, सावकाश.

"बरं झालं," ती म्हणाली. "थंडी असंल तिकडं."

त्या दिवसापासून तिने सुया हातात घेतल्या नाहीत. चारेक दिवस नुसती खिडकीबाहेर बघत पडून राहिली. मग एका सकाळी तिने तो लाल तुकडा स्वतःच उसवला, परात मागितली आणि लडी टांगल्या. एरॉल कामावर निघत होता, त्याला हाक मारून म्हणाली, "तुज्या बाबाची जाल्याची सुई कुठं हाय रं?"

एरॉल चक्क शिडी लावून माळ्यावर चढला. जाळं विणायची ती बांबूची चपटी सुई बिस्किटांच्या डब्यात निघाली, हाताळून काळी पडलेली. ती आईच्या हातात देऊन तो क्षणभर पलंगापाशी उभा राहिला. बाबांची बोट विकल्यापासून त्याने त्या सुईला हात लावला नव्हता. मग त्याचा फोन वाजला आणि तो गेला.

थेरेसा खिडकीच्या गजाला लोकर बांधून विणू लागली. उजवा हात सुई फिरवी, डावा नुसता धरून राही. पुटपुटणं नव्हतं, हसणंही नव्हतं. रोवेना चहा घेऊन जायची, सवयीने कडेला टेकायची आणि रिकामा कप घेऊन परत यायची. एकदा तिने धीर करून पाहिला.

"तिथे दुसरी एक मुलगी आली आहे, आई. लहान आहे."

"असंल," थेरेसा म्हणाली. नावही विचारलं नाही तिने.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ते काम संपलं. लाल जाळीची छोटी शाल, लहान पोरीच्या खांद्यावर बसेल एवढी. थेरेसाने ती घडी घालून रोवेनापुढे धरली.

"झाली. देऊन ये."

"कुणाला?"

"ते तुलाच ठावं."

रोवेना पिशवी घेऊन बेकरीपर्यंत गेली, गर्दीत उगाच थोडा वेळ काढला आणि परत आली. थेरेसा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. रोवेना पावलं न वाजवता पडवीत आली. स्टुलावर कात्री पडली होती. एरॉलने काहीतरी कापलं असेल, असं म्हणून तिने ती उचलून पिंपाच्या झाकणावर ठेवली आणि बसली.

टोक कडेलाच होतं. तिने ओढलं. टोक हललं नाही. तिने शाल फिरवून दुसरी कड पाहिली, तिसरी पाहिली. मग जाळीचं एक घर नखाने उकलायला गेली तेव्हा तिला दिसलं. प्रत्येक घराच्या चारही कोपऱ्यांत गाठ होती, आवळून मारलेली. अशी शेकड्यांनी. मासा धडपडला तरी सुटू नये म्हणून मारतात तशी. हे उसवण्यासारखं नव्हतंच मुळी.

तिची नजर झाकणावरच्या कात्रीकडे गेली. काळ्या मुठीची, एका कडीला चिंधी गुंडाळलेली. शिवणाच्या डब्यातली. एरॉल त्या डब्याला कशाला हात लावेल? ती बेकरीत होती तेवढ्या वेळात फरफटत्या पायाने कुणीतरी इथवर आलं होतं आणि नेमकं या स्टुलावर ती ठेवून गेलं होतं.

शालीच्या टोकाचा धागा तिच्या बोटात होता, सरळ, गुळगुळीत. तिने उसवलेला धागा कसा असायचा? आकडे आकडे पडलेला, नागमोडी. तसलीच लोकर ती नवी म्हणून पुढे ठेवायची आणि थेरेसा ती धुवायची, शिसं बांधून ताणायची, सरळ करायची. अगदी पहिल्या दिवसापासून. रोवेनाला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ संतापही आला, की एवढे दिवस या बाईने मला बोलू दिलं, माझं तोंड बघत बसली.

आतून घोरण्याचा आवाज येत नव्हता. आल्यापासून आलाच नव्हता.

"घावली का गो?" थेरेसाचा आवाज आला. "कात्री?"

रोवेना उठून दारात गेली. शाल हातातच होती. थेरेसा अजून भिंतीकडेच तोंड करून पडली होती.

"तुम्हाला माहीत होतं," रोवेना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून चढला. "सगळं माहीत होतं, तर रोज प्रियलचं विचारायच्या कशाला?"

बाहेर कुणाच्या तरी दारात पोरं नाताळची गाणी घोकत होती.

"तिच्यापायी तरी तू माज्याजवळ बसायचीस," थेरेसा म्हणाली. "तिलापन धाडून दिलीस."