थांबलेलं तेजाब

"काकाजी, जरा हे भांडं डोलवत राहाल का जी? मालक बलावून राहिले." गिरिधरनं चिनी मातीच्या पसरट भांड्याची कड देवरावच्या हाती दिली आणि तो जिना उतरला.

भांड्यात पातळ केलेलं तेजाब होतं, तेजाबात जस्ताचा पत्रा, आणि पत्र्यावर एका लहान मुलाचा चेहरा. सीताबर्डीतल्या या छापखान्याचे मालक गोपाळराव. त्यांच्या विधवा बहिणीनं, इंदुताईंनी, तो चेहरा मेणाच्या शाईनं थेट जस्तावर काढला होता. त्यांचा मुलगा पटकीत गेला होता. फोटो कधी काढलाच नव्हता. शाईच्या रेघा शाबूत राहायच्या, मोकळं जस्त तेजाब खायचं, की झाला ठसा तयार. मात्र तेजाब पत्र्यावरून सारखं वाहतं हवं. थांबलं की बारीक बुडबुडे जस्ताला चिकटतात आणि त्यांच्याखालचं जस्त तसंच राहून जातं; छापताना तिथे काळा डाग उठतो.

गिरिधरला हे देवरावनंच शिकवलं होतं. एके काळी ठसा करावा तर देवरावनं, असं गोपाळराव चारचौघांत सांगत. मग उजवा खांदा धरला. हात मध्येच थबकू लागला, ठशांवर डाग येऊ लागले, आणि नाजूक कामं गुपचूप गिरिधरच्या टेबलावर जाऊ लागली. हा पत्रासुद्धा गोपाळरावांनी देवरावच्या डोळ्यांदेखत गिरिधरलाच दिला. वर म्हणाले, "त्याचा हात पाहा, कसा पाण्यावानी चालते!"

देवरावनं भांडं डोलवलं. खांद्यातून कळ निघाली. डावा हात लावता आला असता. त्यानं लावला नाही. 'एकदा तरी बिघडू दे याचं,' असं मनात आलं आणि त्यानं भांडं टेबलावर टेकवलं.

तेजाब संथ झालं. पोराच्या गालावर बुडबुडे जमले. देवराव पाहत राहिला. त्याला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. जिन्यात पावलं वाजली तेव्हा कुठे त्यानं घाईघाईनं कड उचलली.

ठसा छापून पाहिला तर गालभर काळे चट्टे.

"कोनाच्या हातानं झालं हे?" इंदुताईंना घेऊन वर आलेले गोपाळराव कडाडले.

गिरिधरची नजर देवरावच्या खांद्यावर जाऊन परतली. "माह्याच हातानं जी."

देवरावच्या अंगाची लाही झाली. हेवा सोसवत होता. ही कीव सोसवेना.

इंदुताईंनी छापलेला कागद हातात घेतला. ओल्या शाईला न टेकवता गालावरून बोट फिरवलं. "गाल गेला, पण डोळे त्याचेच आले हो, गिरिधर," त्या म्हणाल्या. गिरिधरनं मान खाली घातली. त्या बोलण्याचा, त्या खाली गेलेल्या मानेचासुद्धा देवरावला हेवा वाटला. चूकही याच्याच नावावर जमा व्हायची होती!

"म्या थांबवलं भांडं," तो मोठ्यानं म्हणाला. "जाणूनबुजून थांबवलं."

सगळे त्याच्याकडे वळले. गोपाळरावांचा आवाज एकदम उतरला. "जाऊ दे गा देवराव. खांदा दुखते तुहा, मले का मालूम नाही?"

"खांद्याचं नाही सांगून राहिलो मालक! मले पाहवत नव्हतं याचं—"

"बरं बरं," गोपाळराव म्हणाले आणि इंदुताईंना घेऊन खाली गेले.

गिरिधरनं आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, काकाजी."

देवराव बसला.