उलटी धरलेली पाटी

मी एक जुनी क्लॅपची पाटी आहे, मित्रांनो. चित्रीकरण सुरू होताना कॅमेऱ्यासमोर 'टक्' वाजते ना, तीच. लक्झेंबर्गमधल्या एश गावी, पोलादाच्या कारखान्यामागच्या गल्लीत, एका सुताराने मला अक्रोडाच्या फळीतून घडवले आणि आपल्या लेकीच्या, ट्रिनीच्या, हाती दिले.

आमचा देश एवढासा, की गाडीचे एक वळण चुकले तर माणसे परमुलखात पोचत. बाहेरचे चित्रपटवाले मात्र हौसेने येत. आमचा एकच चौक आज पॅरिस व्हायचा, आठवड्याने व्हिएन्ना. माझ्यावर खडूने चित्रपटांची नावे पडत ती फ्रेंच, नाहीतर जर्मन. माझ्या खणखणीत आवाजाचे सगळ्यांना कौतुक होते. काम संपले की नाव पुसायचे आणि मी पेटीत. आमच्या लक्झेंबर्गी भाषेतले एक तरी नाव माझ्यावर यावे असे फार वाटे. पण सांगणार कुणाला?

कारखान्यातून निवृत्त झालेले बाट्टीकाका तीस चित्रपटांत दिसले. कधी फ्रेंच हवालदार, कधी जर्मन पाववाले. वाट्याला एखादे वाक्य, तेही परक्या भाषेत. त्यांची बायको सुसी म्हणायची, "तीनदा हवालदार झालास, घरातलं मांजर तरी ऐकतं का तुझं?"

मग एका शरदात ट्रिनीने आपल्या भाषेत चित्रपट काढला. दर रविवारी, काकांच्याच स्वयंपाकघरात. माझ्यावर नाव आले 'दोहेम', म्हणजे घरी. शेवटच्या प्रसंगात काकांनी बटाट्याच्या किसाचे वडे सुसीपुढे ठेवायचे आणि एवढेच म्हणायचे, "बस गं. आज मी तळलेत."

तालमीत ते छान बोलले. मी वाजले, आणि काका बोलले फ्रेंचमध्ये. सगळे हसले. दुसऱ्यांदाही फ्रेंचच. आता कुणी हसले नाही. कॅमेऱ्यात एका खेपेपुरतीच फिल्म उरली होती.

काका खाली बघत म्हणाले, "पोरी, ही वाजली की माझी जीभ परक्याच्या चाकरीला लागते."

ही म्हणजे मी. इतकी वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी मीच आडवी आले होते.

ट्रिनीने मला टेबलाखाली, अंधारात ठेवले. तिने कॅमेरावाल्याला खूण केली. कॅमेरा सुरू झाल्याचे बाकी कुणाला कळलेच नाही. सुसी कुरकुरली, "उभा काय राहिलास? वडे निवताहेत."

"बस गं," काका म्हणाले, अगदी रोजच्यासारखे. "आज मी तळलेत."

सुरुवातीला पाटी वाजवायची राहिली, तर शेवटी ती उलटी धरून वाजवायची, अशी आमच्या धंद्यातली रीत. ट्रिनीने मला बाहेर काढले, उलटे धरले आणि वाजवले. त्या दिवशी तिने अक्षरे पुसली नाहीत.

आता मी एका संग्रहालयाच्या तळघरात असते. काका नाहीत, सुसी नाही. ट्रिनीला जिने उतरवत नाहीत. बाकीच्या पाट्या नव्या, दिव्यांनी आकडे उमटणाऱ्या. त्यांना खडू ठाऊक नाही. महिनोन् महिने दार उघडत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर झटका. माझ्यापर्यंत आलात आणि हातात ओले फडके असले, तर मात्र थोडे थांबा. आधी माझ्यावरचा शब्द मोठ्याने वाचा. तो ऐकून मला फार दिवस झाले.