वाकायचा राग

साखराबाईंच्या रागाला अख्खं शिरूर अनंतपाळ वचकून असे. हार्ट अटॅक येऊन त्या लातूरच्या ऑपरेशन टेबलावर निपचित पडल्या, तरी बाहेर बसलेले त्यांचे नवरोजी आप्पासाहेब दबकूनच बोलत होते.

आत भूल देणाऱ्या डॉक्टर कहकशां यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तातडीची बायपास, छाती उघडलेली. सर्जन हरिओम यांनी हृदयाला अजून हातही लावला नव्हता आणि रक्तदाब अडीचशेच्या वर! भूल वाढवली तरी ढिम्म फरक नाही. ठोके सुसाट.

“ठोके कमी करायचं इंजेक्शन द्या ना!” हरिओम ओरडले.

कहकशांनी सिरिंज उचललीसुद्धा, पण मन मानेना. त्यांनी सिस्टरला आप्पासाहेबांना फोन लावायला सांगितलं.

“बाईंना आधी कधी धडधड, घाम असं व्हायचं का?”

“न्हाई मॅडम. राग तेवढा लई हाय. वाकायचं काम केलं की भडकती. तोंड पांढरंफट्ट, घामानं डबडब, लटलट कापती. सुना तिला झाडूबी धरू देत न्हाईत.”

रागानं माणूस लाल होतो, ही बाई पांढरी पडते. आणि तेही वाकल्यावर, म्हणजे पोट दाबलं गेल्यावर! कहकशांची नजर टेबलाकडे गेली. मदतनीस डॉक्टरांचं कोपर साखराबाईंच्या पोटावर टेकलं होतं.

“कोपर काढा! हा राग नाही, किडनीवरच्या ग्रंथीत गाठ आहे. दाबली की अ‍ॅड्रेनलिन ओतते, रक्तवाहिन्या आवळतात.”

हातातली सिरिंज त्यांनी खाली ठेवली. ते इंजेक्शन आधी गेलं असतं, तर आवळलेल्या रक्तवाहिन्यांपुढे थकलेलं हृदय तिथंच बसलं असतं. आधी रक्तवाहिन्या सैल करायचं औषध, मग बाकीचं. दाब उतरला. हरिओमनी बायपास पुरी केली, सोनोग्राफीत लिंबाएवढी गाठ दिसली, आणि कहकशां मास्कच्या आत खुदकन हसल्या. जिंकलो!

हृदय सावरल्यावर, पुरती तयारी करून दुसऱ्या ऑपरेशनात गाठही निघाली. घरी जायच्या दिवशी आप्पासाहेबांनी हळूच विचारलं, “मॅडम, म्हंजे आता तिचा राग गेला?”

साखराबाई खाटेखाली चप्पल शोधायला वाकल्या. आप्पासाहेब सवयीनं दोन पावलं मागं सरले. बाई उठल्या. चेहरा टवटवीत, कपाळ कोरडं.

“मागं काय सरताव? येवढी वर्सं मला बसवून ठिवलं व्हय घरात? चला, शेतात खुरपायला जायचंय मला!”

आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. “मॅडम,” ते म्हणाले, “ह्यो राग तिचा सोताचा हाय. ऱ्हाऊ द्या.”