पाठ सरळ ठेवा

ताराबाईंच्या पाठीतला तो ‘कट्’ प्रमोदिनीला अजून ऐकू येतो. कानाला नाही, तळहाताला. दोन वर्षांपूर्वी पश्चिमोत्तानासनात तिनं त्यांची पुढे वाकलेली पाठ जराशी दाबली होती, “अजून थोडं” म्हणत. मग त्या कळवळल्या तेव्हा “काही नाही, नस चढली असेल” असंही म्हणाली होती. ताराबाई तशाच चालत घरी गेल्या. मणका चेपला होता. हाडं ठिसूळ झालीत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि बारा वर्षं योग शिकवणाऱ्या प्रमोदिनीनं कधी विचारलंही नव्हतं. आता त्या लेकीकडे कन्हानला असतात, पट्टा बांधून.

तेव्हापासून बुद्धविहाराच्या सभागृहातला सकाळचा वर्ग बदलला. नुसतं ताणून हाडांना बळ येत नाही, त्यांच्यावर भार पडावा लागतो, हे प्रमोदिनी एका फिजिओथेरपिस्टच्या मागे लागून आणि उरलेलं मोबाइलवर शिकली. आता सूर्यनमस्कारानंतर बायका आडव्यातिडव्या चालतात, हात न टेकता जमिनीवरून उठतात, पोती उचलतात. पोती तिनंच भरलेली. तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत थोडी वाळू, बाकी धानाचा कोंडा, प्रत्येकी आठ किलो.

“योगा क्लास हाय का आखाडा?” वर्गातली शामला पहिल्याच दिवशी म्हणाली. “उद्या लंगोट आणाचा का मॅडम?”

सगळ्या हसल्या. प्रमोदिनीही. पण पोतं उचललं जाताना रोज तिची नजर उचलणारीच्या पाठीवर खिळे, आणि सगळ्यात जास्त कुसुमताईंच्या. वय सदुसष्ट, हाडांचा रिपोर्ट ताराबाईंसारखाच. दहा किलोच्या वर नको, पाठ वाकवून तर मुळीच नको, डॉक्टरांनी बजावलेलं. कुसुमताईंना मात्र वंदनेला खुर्चीवर बसायची लाज वाटे; जमिनीवर बसता-उठता यावं म्हणूनच त्या वर्गाला येत. “साऱ्या खाली अन् मीच वर, चांगलं दिसते का?”

बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. खीरदानाचा तांदूळ कुणीतरी आदल्या दिवशी आणून भिंतीशी, तिच्या पोत्यांशेजारीच, ठेवून गेलं होतं. प्रमोदिनी शामलाचा गुडघा बघत होती. वळली तेव्हा कुसुमताईंनी पोतं गुडघ्यापर्यंत आणलेलं होतं. चेहरा लाल, आणि पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं.

तिची पोती नाडीनं बांधलेली असत. शिवलेलं म्हणजे खिरीचं. पंधरा किलो.

ती ओरडणारच होती, पण थांबली. दचकल्या तर पाठ वाकेल. धावत जाऊन धरावं तर हात पुढे होईना.

“कुसुमताई,” ती हळूच म्हणाली, “वर नका आणू. थांबा. श्वास सोडा. आता कंबर मागं. पाठ सरळ ठेवा.”

“आज लय जड लागून राहिलं वं.”

“बोलू नका. गुडघे वाकवा. सावकाश... अजून खाली.”

पोतं जमिनीला टेकलं. कुसुमताई उभ्या राहिल्या, पदरानं कपाळ पुसलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. ‘काही नाही’ म्हणणं किती सोपं होतं! प्रमोदिनीच्या ओठांवर ते आलंसुद्धा.

“ते तांदळाचं होतं,” ती म्हणाली. “पंधरा किलो. सुरू करायच्या आधी मीच बघायला पाहिजे होतं.”

कुसुमताईंचा हात कंबरेवर गेला. “मोडलं का वं माह्यं काही?”

“माहीत नाही. दुखतं?”

“आतापर्यंत नव्हतं. आता तुम्ही सांगतलं, तं कायचं समजते!”

शामलानं ऑटो बोलावला. दवाखान्यात एक्स-रेच्या बंद दारावरचा लाल दिवा लागला आणि प्रमोदिनी तळहात मांडीवर पालथा दाबून बसली. त्यातून पुन्हा तो ‘कट्’ आला तर? दिवा विझला, तरी ती तशीच होती.

नवीन काही मोडलेलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी दोघींना उभं करून झापलं, आणि दुखलं तर लगेच या म्हणाले.

परतताना ऑटोत कुसुमताईंनी एक्स-रेचं पाकीट मांडीवर सरळ केलं. मग विचारलं, “परवा पौर्णिमा झाली का येऊ नं मी क्लासले?”

“या” म्हणायला प्रमोदिनीला दोन सिग्नल लागले.